पाट्या कुणाच्या, पैसा कुणाचा

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात स्वतंत्र चिनी चित्रपटांचा विषय निघाला आणि या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं त्यावरच आली. म्हणून इराण पुढच्या महिन्यावर ढकलते. नव्या वाचकांसाठी सांगते : मी मुंबईत मराठी चित्रपटांच्या निर्मितीत हिशेब सांभाळले, आता मालगुंडला असते. समीक्षा हा माझा प्रांत नाही. सुरुवातीच्या पाट्या मात्र मी मन लावून वाचते. पैसा कुठून आला आणि कागद कुणाच्या नावावर होता, हे तिथे कळतं.

आंब्याचा हंगाम संपला की रात्री फोनवर चिनी चित्रपट बघतो. काहींच्या सुरुवातीला हिरव्या पडद्यावर सोनेरी ड्रॅगन येतो. काहींना तो नसतो, त्याजागी फ्रेंच नाहीतर जपानी कंपन्यांच्या पाट्या असतात. ड्रॅगन नाही तो ‘इंडिपेंडंट’, असं समजायचं का? आणि तिथे सगळंच सरकारी, तर या खासगी कंपन्या आल्या कुठून? — एक बागायतदार, देवगड

तो ड्रॅगन म्हणजे जाहीर प्रदर्शनाचा परवाना. खाली त्याचा क्रमांक असतो. तो नसेल तर चीनमधल्या एकाही थिएटरात चित्रपट लागत नाही. आपल्या सेन्सॉरसारखंच की, असं तुम्ही म्हणाल. पण आपलं सेन्सॉर चित्रपट पुरा झाल्यावर येतं. शूटिंगआधी संहिता कुणाला दाखवावी लागत नाही, निर्मात्याच्या मेहुण्याला सोडून. तिकडे कॅमेरा सुरू होण्याआधी कथेची नोंदणी आणि चित्रपट पुरा झाल्यावर पुन्हा तपासणी.

ड्रॅगन नाही म्हणजे परवानगी नाही, एवढंच त्यातून कळतं. परवानगी घेऊन आपल्याच मनासारखं काम करणारे आहेत, आणि परवानगीशिवाय केलेले बरेच चित्रपट परदेशी पैशावर उभे आहेत. म्हणून मी ड्रॅगन बघून ठरवत नाही. पैसा संपत आला तेव्हा दिग्दर्शकाला कुणाचं ऐकावं लागलं, यावर ठरवते.

कंपन्या कुठून आल्या ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. १९९०च्या आसपास चीनमध्ये चित्रपट काढायचा हक्क सरकारी स्टुडिओंनाच होता. असे सोळा स्टुडिओ होते. त्यांनी काढायचं आणि चायना फिल्म या एकाच सरकारी संस्थेने उचलून देशभर वाटायचं. ही मक्तेदारी १९९३मध्ये सैल झाली. स्टुडिओंची तिजोरी रिकामी व्हायला लागली, तशी त्यांनी एक वेगळीच वस्तू विकायला काढली : स्वतःचं नाव. बाहेरच्या माणसाने पैसा घालायचा, स्टुडिओला ठरलेली रक्कम मोजायची आणि चित्रपटावर स्टुडिओची पाटी लावायची. हिशेबाच्या वहीत हे कुठल्या खात्यावर टाकत असतील, याची मला उत्सुकता आहे.

ज्यांना तेही परवडत नव्हतं किंवा नको होतं, ते तसेच निघाले. झांग युआन याचा ‘मामा’ (१९९०) हा १९४९नंतरचा, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीतला, पहिला स्वतंत्र चिनी चित्रपट मानला जातो. वांग श्याओश्वायने १९९३मध्ये ‘द डेज’ काढला तो शनिवार-रविवार गाठून, काळ्यापांढऱ्या फिल्मवर. नायक-नायिका म्हणून त्याचे मित्र, चित्रकार ल्यू श्याओदोंग आणि त्याची बायको यू होंग. खर्च साधारण दहा हजार डॉलर सांगतात. त्या आकड्यात तेव्हा आपल्याकडेही धड चित्रपट होत नसे.

१९९४मध्ये सरकारने काय केलं ते मला फार बोलकं वाटतं. रॉटरडॅमच्या महोत्सवात असे चित्रपट परवानगीवाचून गेले, म्हणून सात जणांच्या नावांची यादी काढली आणि स्टुडिओ, लॅब, उपकरणं भाड्याने देणारे या सगळ्यांना कळवलं की यांना मदत करायची नाही. नुसती बंदी घालणं वेगळं आणि लॅब बंद करणं वेगळं. आमच्या एका चित्रपटाचं निगेटिव्ह एका लॅबने बिल चुकेपर्यंत अडवून ठेवलं होतं. निर्माता रोज तिथे जाऊन बाकड्यावर बसायचा, चहा प्यायचा आणि परत यायचा. फिल्मच्या जमान्यात चित्रपट लॅबच्या कपाटात असायचा. किल्ली ज्याच्याकडे, तो मालक.

म्हणूनच डिजिटल कॅमेरा आला तेव्हा चीनमध्ये जेवढा फरक पडला तेवढा कुठेच पडला नसेल. लॅबच नको! वांग बिंग १९९९मध्ये छोटा कॅमेरा घेऊन एकटाच शेनयांगच्या तिएशी भागात शिरला. तिथले जुने सरकारी कारखाने बंद पडत होते. त्यातून ‘वेस्ट ऑफ द ट्रॅक्स’ हा नऊ तासांवरचा माहितीपट झाला. कुठला निर्माता नऊ तासांना हो म्हणाला असता? विचारणारा निर्माता डोक्यावर नव्हता, म्हणून नऊ तास झाले.

खासगी कंपन्यांना कायद्याने दार उघडलं ते १ फेब्रुवारी २००२पासून लागू झालेल्या नियमांनी. तेव्हापासून खासगी कंपनीला स्वतःच्या नावाने एकेका चित्रपटाचा परवाना मागता येऊ लागला. त्याआधी पाटीवर दिसणारी कंपनी बहुधा हाँगकाँगची किंवा युरोपातली असायची. तुम्हाला दिसलेल्या फ्रेंच पाट्या बऱ्याचदा याच वळणाच्या. लोउ ये या दिग्दर्शकाचं उदाहरण घ्या. ‘समर पॅलेस’ २००६मध्ये परवानगीशिवाय फ्रान्समधल्या कान महोत्सवाला नेला म्हणून त्याला पाच वर्षं चित्रपट काढायला बंदी झाली, आणि निर्माती नाय आन हिलाही तेवढीच. बातम्यांत दिग्दर्शक दिसतो. कागदांवर सह्या करणारी बाईही तेवढीच सजा भोगते, ते कुणी लिहीत नाही. त्या पाच वर्षांतच लोउ येने नानजिंगमध्ये छोट्या कॅमेऱ्यावर ‘स्प्रिंग फीवर’ केला. २००९मध्ये तो कानला गेला तेव्हा कागदावर हाँगकाँग आणि फ्रान्सचा होता, आणि पटकथेचं बक्षीस घेऊन आला. माणसं चिनी, गाव चिनी, भाषा चिनी, पासपोर्ट दुसरा.

जिया झांगके यांचे चित्रपट आम्हाला अभ्यासाला आहेत. सर त्यांना बंडखोर म्हणतात. इंटरनेटवर मात्र ते उद्योजक आहेत असंही वाचलं. त्यांची स्वतःची कंपनी आहे का? मग खरं काय? — कॉलेज विद्यार्थिनी, वेंगुर्ला

दोन्ही खरं आहे गं, आणि त्यात विसंगती काही नाही.

जिया शांशी प्रांतातल्या फेनयांग नावाच्या लहान शहरातला, जन्म १९७०चा. बीजिंगच्या फिल्म अकादमीत असताना त्याने केलेला एक छोटा चित्रपट हाँगकाँगच्या महोत्सवात गेला. तिथे बक्षीस मिळालं ते मिळालंच, पण खरी कमाई झाली ती माणसांची. यू लिक-वाय हा कॅमेरामन आणि चाउ केउंग हा निर्माता तिथेच भेटले. ‘श्याओ वू’ (१९९७) हा पहिला मोठा चित्रपट त्यांनी सोळा मिलिमीटरवर जियाच्याच गावात काढला. गोष्ट एका खिसेकापूची आणि नट हौशी. पुढच्या ‘प्लॅटफॉर्म’ला (२०००) जपानमधल्या ऑफिस कितानोने पैसा दिला. नट-दिग्दर्शक ताकेशी कितानो यांची ती कंपनी. टोकियोतला एक विनोदी नट चीनच्या आडगावातल्या नाटकमंडळीच्या तीन तासांच्या गोष्टीला पैसा देतो, हे मला त्या चित्रपटाइतकंच नवलाचं वाटतं.

२००३मध्ये या तिघांनी मिळून एक्स्ट्रीम पिक्चर्स काढली. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि निर्माता असे तीन भागीदार. हे त्रिकूट मी मुद्दाम सांगतेय. तुमच्यातली सगळीच मुलं दिग्दर्शक व्हायला निघतात आणि हिशेबाला कुणी बसायला तयार नसतं. पुढच्याच वर्षी ‘द वर्ल्ड’ आला. जियाचा परवानगी घेऊन केलेला हा पहिला चित्रपट. शांघाय स्टुडिओ सोबत होता. त्याचे जुने चाहते तेव्हा कुरकुरले. मला विचारशील तर त्याने बरोबर केलं. आपल्या गावच्या माणसांवर चित्रपट काढायचे आणि गावातल्या माणसाने ते चोरट्या सीडीवरच बघायचे, हे किती दिवस चालणार?

आता ती उद्योजकाची बाजू. ‘२४ सिटी’ (२००८) लावशील तेव्हा पाट्या नीट वाच. छंग्दू शहरात ४२० क्रमांकाचा जुना सरकारी कारखाना होता. लढाऊ विमानांच्या इंजिनांचं काम चालायचं, हजारो कुटुंबं त्यावर जगायची. जमीन चायना रिसोर्सेस या बड्या कंपनीकडे गेली, कारखाना पाडून तिथे इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या संकुलाचंच नाव ‘२४ सिटी’. जियाने कामगारांच्या तोंडून त्यांची आयुष्यं सांगितली. काही खरे कामगार, काही नट. आणि या चित्रपटात पैसा कुणाचा? जमीन घेणाऱ्या त्याच कंपनीचाही!

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी चित्रपट पुन्हा लावला. बिल्डरचा पैसा कुठे बोलतोय, ते शोधत बसले. नावात बोलतो, ते उघडच आहे. पण एक बाई आपलं चुकलेलं मूल आठवून बोलते, किंवा एकेक माणूस कॅमेऱ्याकडे बघत नुसता उभा राहतो, तिथे बिल्डरची जाहिरात होत असेल असं मला वाटलं नाही. तरीही तो पैसा होताच. कारखाना का पाडला, कुणाला किती मिळालं, हे प्रश्न चित्रपट जोरात विचारत नाही. हा त्या पैशाचा भार असेल. सरांना वर्गात हे विचार, तास चांगला रंगेल. दोन वर्षांनी शांघायच्या जागतिक प्रदर्शनासाठीही त्याने एक चित्रपट करून दिला.

असा मिळवलेला पैसा आणि पत पुढे कुठे गेली, तेही बघावं. एक्स्ट्रीमने दुसऱ्यांचे पहिले चित्रपट काढले. जियाचाच सहायक हान जिए याचा पहिला चित्रपट २००६मध्ये रॉटरडॅमचं टायगर पारितोषिक घेऊन आला. त्याच वर्षी जियाच्या ‘स्टिल लाइफ’ला व्हेनिस महोत्सवाचा सुवर्णसिंह, म्हणजे तिथलं पहिलं बक्षीस, मिळाला. धरणात बुडणाऱ्या फंगज्ये गावची गोष्ट आहे. कोयनेच्या विस्थापितांना माहीत असलेली. आणि सात वर्षांनी ‘अ टच ऑफ सिन’ला कानमध्ये पटकथेचं बक्षीस मिळूनही तो चीनच्या थिएटरात लागला नाही. म्हणजे परवानगीच्या वाटेने गेल्यावरही दार दरवेळी उघडतंच असं नाही.

शत्रुराष्ट्राच्या सिनेमाचं कौतुक करायला तुम्हाला पानं मिळतात, मराठी सिनेमाला नाहीत. — एक नाराज वाचक, अलिबाग

गेल्या चार अंकांत मराठीच होतं. आणि वर ज्यांची नावं घेतली त्यांतल्या निम्म्यांना त्यांच्या सरकारनेही शत्रूच धरलं होतं.

ताई, चिनी लोक गावातलीच माणसा घेवन पिक्चर करतत असा ऐकलंय. आमचो दशावतार तसोच आमच्याच पोरांनी पडद्यार आणूचो म्हटलो तर आधी कंपनी काढूक व्हयी काय? — दशावतारात संकासुर करणारा एक वाचक, कुडाळ तालुका

व्हय महाराजा! माणसं गावातलीच घ्या. कंपनीचं जरा थांबून सांगते.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यांत जवळचं उदाहरण ल्यू जियायिन या मुलीचं. तिने २००५मध्ये ‘ऑक्सहाइड’ केला तो बीजिंगमधल्या आपल्या लहानशा घरात. वडील चामड्याच्या पिशव्या करायचे. नट तिघंच : आई, वडील आणि ती. पावणेदोन तासांवरचा चित्रपट आणि त्यात शॉट फक्त २३. कॅमेरा एका जागी ठेवला की हलत नाही. कधी नुसते हात दिसतात, कधी टेबलाची कड. धंदा मंदीत, उंची वाढत नाही म्हणून मुलीला टोमणे, सवलतीत विकावं की नाही यावरून नवराबायकोची वादावादी. बर्लिनमध्ये बक्षीस मिळालं. त्यासाठी कुठली कंपनी लागली नाही.

गू श्याओगांगने ‘ड्वेलिंग इन द फुचुन माउंटन्स’ आपल्या गावी, फूयांगला केला. चार भावांची आणि म्हाताऱ्या आईची गोष्ट. बहुतेक भूमिकांत त्याच्या नात्यातली, ओळखीची माणसं. चारही ऋतू खरे हवेत म्हणून शूटिंग दोन वर्षं चाललं. नातेवाइकांना दोन वर्षं एका कामाला धरून ठेवायचं! आपल्याकडे गणपतीत घरच्या आरतीला सगळे एका वेळी जमले तरी पुष्कळ. २०१९मध्ये कानच्या समीक्षक-सप्ताहाचा समारोप या चित्रपटाने झाला. पण इथे एवढ्या लांबलेल्या कामात पैसा आटला की भरणारं कुणीतरी लागतं. पाट्यांत फॅक्टरी गेट फिल्म्स नावाची छोटी कंपनी आहे ती यासाठी. बी गानच्या ‘काइली ब्लूज’मध्ये (२०१५) नायक त्याचाच नात्यातला काका. त्यातला ४१ मिनिटांचा एकच न तोडलेला शॉट मोटारसायकलवरून, होडीतून, गल्लीबोळांतून जातो. तो बघाच, कारण रात्रभर न थांबता चालणाऱ्या खेळाची सवय असलेल्या माणसाला त्याची गंमत जास्त कळेल.

आणि खेडुतांच्याच हाती कॅमेरा हवा असेल, तर वू वेनगुआंग या माहितीपटवाल्याने २००५मध्ये गावोगावच्या दहा जणांना छोटे कॅमेरे दिले होते. गावच्या निवडणुका, गावचा कारभार यावर त्यांनीच चित्रपट करायचे. पैसा युरोपियन युनियनच्या एका कार्यक्रमातला.

आता कंपनी. ती काय असते हे तुम्हाला मी काय सांगणार? तुमच्या दशावतारातही मालक आहेच. पेटारा त्याचा, टेम्पो त्याचा, जत्रेची ‘नाईट’ तो ठरवतो आणि पहाटे माणसामाणसाचे पैसे तोच वाटतो. चीनमधल्या या छोट्या कंपन्या म्हणजे एवढंच : दोन-तीन माणसं, एक पेटारा आणि कागदपत्रांची पिशवी. फरक एक आहे. तुमच्या खेळाला संहिता नसते, राजा आणि राक्षस उभ्या उभ्या बोलतात. तिकडे आधी गोष्ट लिहून द्यावी लागेल. संकासुराने ऐनवेळी काय म्हणावं, ते कुठला अधिकारी नोंदवून घेणार?

शूटिंगला कंपनी लागत नाही. दुसऱ्याचा पैसा घ्याल किंवा चित्रपट कुणाला विकाल, तेव्हा कागद लागतो. तोवर एकाच्या नावाने व्यवहार ठेवा, पण बँकेतलं खातं वेगळं काढा. घरखर्चाच्या खात्यात चित्रपट बुडतो. चित्रपटाची मूळ फाइल कुणाकडे राहणार, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा आणि दोन प्रती दोन घरांत ठेवा. खेळातल्या प्रत्येक नटाची सही घ्या, हार्मोनियम आणि मृदंगवाल्याचीही. मालकांची तर सगळ्यांत आधी, नाहीतर जत्रेत वांधे होतील.

हे सगळं जुनं झालं ना? आता तिथे असं कुणी करतं का? — निवृत्त शिक्षक, दापोली

करतात, पण दाखवायची जागा आक्रसली. बीजिंगजवळ सोंगज्वांग या चित्रकारांच्या वस्तीत कलासमीक्षक ली शियानतिंग यांच्या निधीतर्फे स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव व्हायचा. ऑगस्ट २०१४मध्ये तो बंद पाडला आणि वर्षानुवर्षं जमवलेला संग्रहही उचलून नेला. १ मार्च २०१७पासून चित्रपटाचा कायदा आला. परवाना नसलेला चित्रपट महोत्सवातही दाखवायचा नाही, असं त्यात स्पष्ट झालं. पुढच्या वर्षी चित्रपटाचं खातं थेट कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेलं. नानजिंगचा महोत्सव, २००३पासून चाललेला, २०२०च्या जानेवारीत आयोजकांनीच थांबवला.

याच काळात परवान्याच्या वाटेने जाणाऱ्यांना मात्र थोडी सोय झाली. २०१६मध्ये सरकारी फिल्म संग्रहालयाच्या पुढाकाराने कलात्मक चित्रपट दाखवणाऱ्या थिएटरांची देशभर साखळी सुरू झाली, २०१७मध्ये जियाने आपल्या प्रांतातल्या पिंगयाओला महोत्सव काढला, शीनिंगच्या ‘फर्स्ट’ महोत्सवात नवी मुलं येतात. छोट्या कंपन्याही आता पहिल्यापासून परवान्याचा विचार करून संहिता हातात घेतात. त्यामुळे चित्रपट जरा सभ्य झाले, असं मला वाटतं. पोत उत्तम, धार कमी.

पैसा आला की काय होतं, तेही ऐका. त्याच बी गानचा पुढचा चित्रपट ३१ डिसेंबर २०१८ला लागला. जाहिरात केली प्रेमपटाची : शेवटचं चुंबन बरोबर बाराच्या ठोक्याला येईल अशा वेळेचे खेळ, जोडप्यांनी तिकिटं काढावीत. पहिल्याच दिवशी २६ कोटी युआन, आपले अडीचशे कोटींहून जास्त. आणि पडद्यावर काय, तर स्वप्नासारखा संथ चित्रपट, शेवटी तासभराचा एकच शॉट. लोक चिडले, दुसऱ्या दिवशी धंदा कोसळला. निर्मात्यांचा गल्ला तर भरला होता. प्रेक्षकाला असं फसवून आणायला माझा विरोध आहे. पण हिशेबनीस म्हणून ती वही एकदा चाळायला मिळाली असती तर बरं झालं असतं.

हे चित्रपट कोकणात बसून बघायचे कुठे? — तीन-चार पत्रांत

फोनवर जे मिळतं ते पैसे भरून बघा. मोठ्या पडद्यावर हवं असेल तर नोव्हेंबरात पणजीला इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. सिंधुदुर्गवाल्यांनी सकाळची गाडी धरून थिवीला उतरावं, रत्नागिरीकरांनी मुक्कामाचं बघून जावं. वेळापत्रक लागलं की देशांच्या यादीत नुसतं ‘चीन’ शोधू नका, ‘हाँगकाँग’ आणि ‘फ्रान्स’ही शोधा.